पायाला विचारून

मैदानाच्या कडेला पोचले की सर आधी बूट काढायचे. मोजे बुटात कोंबायचे, पँट दोन घड्या वर घ्यायची आणि हात पाठीमागे बांधून सबंध ट्रॅकवर अनवाणी एक फेरी मारायची. ऊन असो, धूळ असो, आदल्या संध्याकाळी कोणाच्या म्हशी तिथून गेलेल्या असोत, फेरी चुकायची नाही. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, काकांचा काहीतरी नवस दिसतोय. नवस वगैरे काही नव्हता. सरांना चाकं निवडायची असायची.

हे मैदान म्हणजे आंबिवलीला स्टेशनपासून रिक्षाने थोडं आत गेलं की लागणारी एक मोकळी जागा. तिच्यावर धावायचे ते ट्रक हातभर लांबीचे, बॅटरीवर चालणारे आणि रिमोटवर वळणारे. शॉर्ट कोर्स ट्रक म्हणतात त्यांना. रुंद बॉडी, उंच शॉकअप, मातीत आखलेल्या ट्रॅकवर वळणं आणि मधे मधे टेकाडं. टेकाडावरून उडायचं, आपटायचं आणि पलटी न खाता पुढे निघायचं. कोणीही याला खेळणंच म्हणेल, पण सरांपुढे तो शब्द काढायची सोय नव्हती. आमच्या ऑफिसच्या अकाउंट्समधल्या एका गृहस्थांनी एकदा जिन्यात प्रेमाने विचारलं, "काय, खेळणं काय म्हणतंय?" सर म्हणाले, "उत्तम आहे. तुमचं कसं आहे? ती स्कूटर हो."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत पॅकिंगची मशिनं बनायची. सर तिथे डिझाइनचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी, आणि सगळ्यांना, अगदी चहावाल्यालासुद्धा, "तुम्ही". त्यांना बाहेरचं काही आयुष्य असेल असं वाटायचं नाही. मग एक दिवस मीटिंगमध्ये त्यांचा डावा हात सबंध वेळ टेबलाखालीच राहिला. मोठ्या साहेबांनी ड्रॉइंग पुढे सरकवलं, सरांनी उजव्या हाताने घेतलं. पेन आलं, उजव्या हाताने. चहा आला, तो निवून गेला, कारण उजव्या हातात पेन होतं. मी शेजारी बसले होते, म्हणून वाकून बघितलं. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना एक छोटा काळा टायर चिकटला होता. जेवणाच्या सुट्टीत टायर रिमला चिकटवताना ते स्वतःच चिकटून बसले होते.

मीटिंग संपल्यावर मी मागे थांबले. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, कोणाकडे नेलपॉलिश काढायचं काही मिळेल का?" ते मिळालं. बोटं सुटेपर्यंत त्यांनी मला टायर रिमवर सारखा का बसला पाहिजे, आतला फोम किती मऊ असावा आणि रिमला भोकं कशासाठी असतात हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "रविवारी आंबिवलीला या. बघा, पटतंय का."

मी गेले, कारण कळव्याला आमच्या घरी रविवारी सकाळी पाहुणे सोडून दुसरं काही नसायचं. गेले ती जातच राहिले. महिन्या-दोन महिन्यांत माझा स्वतःचा ट्रक आला. आला त्याच आठवड्यात मी त्याला चकचकीत चंदेरी चाकंही मागवली, चारी एकसारखी. मैदानावर बसवायला गेले तर मागची बसली आणि पुढची बसेनात, कारण माझ्या ट्रकचा पुढचा आस वेगळा होता. सरांनी एक चाक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "छान आहे," ते म्हणाले. "वरातीला ने. इथे माती आहे."

हे "ने" मात्र ऑफिसातलं नव्हतं. सरांचा एक नियम होता, तो त्यांना स्वतःला माहीत होता की नाही कोण जाणे. बूट पायात असले की मी "मॅडम" आणि "तुम्ही". बूट निघाले की मी "अगं" आणि "तू". सोमवारी परत मॅडम. मला या गोष्टीची इतकी सवय झाली की ऑफिसात त्यांचे बूट दिसले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

चाकांच्या बाबतीत सरांचं सगळं घर कामाला लागलेलं होतं. काकूंचे दिवाळीच्या फराळाचे स्टीलचे डबे त्यांनी एकेक करून ताब्यात घेतले होते आणि त्यांत टायर लावलेली चाकं ठेवली होती. लांब काट्यांची चाकं चकलीच्या डब्यात. चौकोनी ठोकळ्यांची शंकरपाळ्यांच्या डब्यात. जवळजवळ गुळगुळीत, नुसते बारीक दाणे असलेली अनारशांच्या डब्यात. हळूहळू मैदानावर टायरांची खरी नावं कोणी घेईनासं झालं. माती ओली आणि मऊ असेल तर चकली, वर धूळ आणि खाली बरी पकड असेल तर शंकरपाळी, आणि माती चोपून-चोपून फरशीसारखी झाली असेल तर अनारसा. उल्हासनगरहून, बदलापूरहून येणारी पोरं गाडीतून उतरता उतरता ओरडायची, "काका, आज काय सीन आहे? चकली की अनारसा?" सर फेरी संपवून यायचे, पायाचे तळवे एकमेकांवर झटकायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल कोणी मोडत नसे. ज्याने मोडला त्याची गाडी पहिल्या वळणावर उताणी पडलेली मी पाहिली आहे.

मी एकदा म्हटलं, "सर, हाताने माती चाचपली तर नाही का चालणार? बूट काढायलाच पाहिजेत?"

"हात लबाड असतो," सर म्हणाले. "त्याला जे बघायचंय तेच तो बघतो. पायावर आपलं सबंध वजन असतं, त्याला खोटं बोलता येत नाही. चाकाचं काम पायाचं आहे, म्हणून पायालाच विचारायचं."

त्यांची दुसरी ठाम समजूत म्हणजे एका वेळी एकच बदल. स्प्रिंग बदलली तर शॉकअपमधलं तेल बदलायचं नाही. टायर बदलले तर चाकाचा कल तसाच ठेवायचा. नाहीतर गाडी सुधारली तरी ती कशामुळे सुधारली हे कळणार कसं? गाडीपुरतं हे ठीक होतं. पण काकूंनी एकदा चहाची पावडर आणि दूध एकाच दिवशी बदललं तेव्हा सरांनी कप खाली ठेवला. "चहा चांगला झालाय," ते म्हणाले, "पण हे फार वाईट झालं." हा किस्सा काकूंनी मला स्वतः सांगितला आणि वर म्हणाल्या, "अगं, लग्नाच्या वेळी बायको आणि राहायचं घर दोन्ही एकदम नवीन आलं, तेव्हा बरे गप्प बसले!"

स्वतःच्या ट्रकच्या पिवळ्या बॉडीला मागून भोकं पाडायला त्यांनी काकूंचीच शिवणाची कात्री वापरली होती. उडी मारताना बॉडीत हवा भरली की गाडी वरच्या वर तरंगते आणि नाकावर पडते, म्हणून ती हवा मागून काढून द्यावी लागते. सर हे समजावून सांगताना दोन्ही हात पसरून टाचा उचलायचे आणि खरंच पडायला यायचे. त्यांचं ते रूप ऑफिसात कोणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. मला मात्र आता सर आठवतात ते असेच, पँट दुमडलेले, पोटऱ्यांपर्यंत धुळीने माखलेले आणि हात पसरलेले. सर जाऊन बरीच वर्षं झाली. मैदानावर आता इमारती उभ्या आहेत आणि खाली सगळीकडे फरशी घातली आहे. सरांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, अनारसा, बारा महिने अनारसा.

एका हिवाळ्यात त्यांचा निकाल पहिल्यांदा चुकला. जागा ज्यांची होती ते आगरी दादा शर्यतीच्या आधी पाइपने पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचे. त्या दिवशी माती वाळून लख्ख झाली होती, उन्हात चमकत होती. सर फेरी मारून आले आणि म्हणाले, "मऊ आहे. चकली." आम्ही एकमेकांकडे बघितलं. डोळ्यांना काही वेगळंच दिसत होतं, पण डोळ्यांचं ऐकायची आम्हाला सवयच नव्हती. झाडून सगळ्यांनी चकली लावली आणि झाडून सगळ्यांच्या गाड्या गोट्यांवरून घसरल्यासारख्या घसरल्या. फक्त एक नवखा, ज्याच्याकडे अनारशाशिवाय दुसरी चाकंच नव्हती, तो आरामात जिंकला.

"काकांनी मुद्दाम गंडवलं रे आपल्याला!" पोरं हसली. सरही हसले. पण परत जाताना त्यांनी चकलीचा डबा बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.

दादा जवळ आले. "काका, पानी मी काल सांजचा मारलाय. सकाली नाय. म्हनून सुकलाय तो. तुमच्या पायाला नाय समाजला?"

"समजलं हो," सर म्हणाले. "थोडा अंदाज चुकला."

त्यानंतर अंदाज पुन्हा चुकला, आणि नंतर परत. शेवटी शेवटी पोरं गाडीतून उतरल्यावर ओरडेनाशी झाली. आपापली माती आपणच बुटाने उकरून बघायची आणि चाकं लावायची. कोणी काही वाईट बोललं नाही, काकांबद्दल प्रेम तेवढंच होतं. पण सर फेरी मारून यायचे, तळवे झटकायचे, आणि कोणी काही विचारत नाही म्हणून तसेच उभे राहायचे. मला ते बघवत नसे. मग मीच मोठ्याने विचारायची, "सर, आज काय?" ते सांगायचे आणि मी तीच चाकं लावायची, गाडी घसरली तरी.

अशाच एका रविवारी ते फेरी मारत होते आणि मी टेकाडापाशी माझा ट्रक तपासत होते. टेकाडावरच्या साफ मातीवर मला लाल ठिपके दिसले. एक, मग पावलाच्या अंतरावर दुसरा. सर पुढे चालत होते, नेहमीसारखे, हात मागे, मान खाली.

"सर, थांबा! पाय बघा तुमचा."

ते थांबले. पाय उचलून त्यांनी खाली बघितलं. चवड्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि रक्त चालू होतं. सर त्या पायाकडे, दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत राहिले. मग मलाच विचारलं, "कधी लागलं हे?"

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला कळत नाहीये का? पायाला काहीच कळत नाहीये?"

"हळू बोल," ते म्हणाले. त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. "साखरेमुळे आहे ते. आधी बोटं गेली. मग चवडा. टाच अजून थोडी आहे."

"मग अनवाणी चालता कशाला?"

"नाही चाललो तर सगळ्यांना कळेल गं." एवढं बोलून ते खाली बसले. मी काटा काढला, तो चांगला खोल गेला होता. त्यांनी हूं केलं नाही. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. मला रडू आलं आणि त्यांनीच मला रुमाल दिला. तोच मग आम्ही त्यांच्या पायाला बांधला.

पाय चिघळला. डॉक्टरांनी औषध बदललं, जेवण बदललं आणि अनवाणी चालणं कायमचं बंद केलं. घरातसुद्धा चप्पल घालायची. मी डोंबिवलीला त्यांना बघायला गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, पायात निळ्या मऊ चपला. "एकदम तीन बदल," ते म्हणाले. "आता बरं वाटलं तर कशामुळे वाटलं, काय सांगणार?" मी हसले. ते हसले नाहीत. टेबलावर फराळाचे तिन्ही डबे घासूनपुसून ठेवलेले होते. चाकं कुठे दिसत नव्हती.

"हिला म्हटलं, तुझे डबे तुला घे," सर म्हणाले. "आता लागणार नाहीत."

"मला नकोत," काकू आतून म्हणाल्या. "रबराचा वास जाणार आहे का त्यांचा?"

निघताना काकू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. "तू ने गं त्यांना परत," त्या हळूच म्हणाल्या. "घरी बसल्या बसल्या माझ्या पोळ्यांचं सेटिंग करतात. काल म्हणाले, मधे जाड आहे आणि कडेला पातळ, तव्यावर नीट वळत नाही. मी लाटणंच हातात दिलं त्यांच्या. पण खरं सांगू का, चाकं पलंगाखाली आहेत. दुपारी मी झोपले असं बघून काढतात आणि बघतात. लावायला कुठे जागा नाही, नुसती बघतात."

त्यांना आणायला बरेच रविवार लागले. शेवटी मी सरळच सांगितलं, "सर, मला चाकं निवडता येत नाहीत, गाडी दर वेळी पलटते, तुम्ही आला नाहीत तर विकून टाकीन." हे पुष्कळसं खरंच होतं. ते आले. बंद बूट, जाड मोजे, पिशवीत पिवळा ट्रक आणि फराळाचे तेच डबे, आणि मैदानाच्या कडेला दादांनी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. पोरं येऊन भेटून गेली. सर सगळ्यांशी बोलले, पण त्यांची नजर मातीवर होती आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले होते.

"मॅडम, तुम्ही व्हा पुढे," ते मला म्हणाले. "मी बसतो इथे."

मी त्यांच्या बुटांशेजारी माझ्या सँडल काढल्या. सलवार दोन घड्या वर घेतली. मी हात पाठीमागे बांधून ट्रॅकवर निघाले. मला लाज वाटत होती, पोरं बघत होती, आणि पहिल्या वळणापर्यंत मला फक्त खडे टोचत होते. एवढ्या वर्षांत मी सरांना फेरी मारताना पाहिलं होतं, पण स्वतः एकदाही चालले नव्हते.

परत आले तेव्हा सर पुढे वाकून बसले होते. "सांग."

"कडक आहे."

"कडक कशी? नीट सांग. चवडा टेकला की दबते?"

"थोडीशी दबते. उचलला की परत वर येते."

"चिकटते?"

"नाही. पण पटकन सोडतपण नाही."

"वळणावर?"

"वळणावर वर भुगा आहे. खाली टणक, एकदम गुळगुळीत. माझा पाय सरकला तिथे."

सरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "शंकरपाळी. चारी."

मी पुन्हा एकदा त्या वळणाची आठवण केली. "सर, मला पुढे अनारसा वाटतोय. मागे शंकरपाळी चालेल, पण पुढे नाही. भुगा निघून जाईल दोन फेऱ्यांत. मग खाली नुसतं टणक राहील."

सरांनी डोळे उघडले. त्यांचा निकाल मैदानावर कोणी असा समोरून मोडला नव्हता, आणि मीच मोडत होते, तेसुद्धा आज. मला वाटलं, झालं, आता हे उठून घरी जाणार. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. धूळ घोट्यापर्यंत आली होती.

"पाय तुझे आहेत," ते म्हणाले. "पुढे अनारसा."

गाडी त्यांनीच चालवली, खुर्चीत बसून, रिमोट पोटाशी धरून. पहिल्या दोन फेऱ्या ती वळणावर जरा बाहेर जात होती. मग भुगा उडून गेला आणि पिवळा ट्रक त्या वळणावरून असा निघाला की मी मोठ्याने ओरडले. सर दुसरे आले. पहिला आलेला पोरगा धावत आला. "काका, एक नंबर! पुढे काय लावलेलं तुम्ही?"

"तिला विचार," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

दुपार झाली. पोरं गाड्या भरून निघून गेली. दादांनी पुढच्या आठवड्यासाठी माती बसावी म्हणून पाइप सोडला होता आणि सबंध ट्रॅक काळाभोर झाला होता. मी चाकं पुसून डब्यांत भरली, शंकरपाळी शंकरपाळ्यांत आणि अनारसा अनारशांत. मग सँडल घालायला वाकले.

"थांब," सर म्हणाले. "घालू नकोस. एक फेरी मारून ये."

"शर्यत संपली, सर."

"हो, संपली."

"मग आता कसली चाकं लावायचीत?"

"चाकांसाठी नाही गं," सर म्हणाले. ते ओल्या मातीकडे बघत होते. "पाणी मारल्यावर ती कशी लागते, ते जरा सांग."

मी गेले. वळणापाशी पोचून उभी राहिले, बोटं नीट रुतू दिली आणि तिथूनच ओरडले, "गार आहे, सर!"

"किती गार?" ते खुर्चीतून ओरडले.

मी खाली बघितलं, पुन्हा एकदा पाय दाबला, आणि एकही गोष्ट न गाळता सांगायला लागले.